पिवळेपणा नसलेली कावीळ

हिपॅटायटिस बी या आजाराला मराठीत ‘कावीळ ब’ म्हणतात आणि गैरसमजाची सुरुवात या नावापासूनच होते. कावीळ हे लक्षण आहे. रक्तातले बिलिरुबिन वाढले की डोळे, त्वचा आणि लघवी पिवळी दिसू लागते. पित्तनलिकेत खडा अडकला तरी कावीळ होते, दारूने होते, एखाद्या औषधाने होते, तांबड्या पेशी भराभर फुटल्या तरी होते आणि यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंमुळेही होते. या विषाणूंना ए, बी, सी, डी, ई अशी ओळीने नावे मिळाली असली तरी ती एका घरची भावंडे नाहीत. ए आणि ई पाण्यातून, अन्नातून येतात. बी, सी आणि डी यांची वाट रक्ताची. त्यातही बीची तऱ्हा अशी की ज्यांच्या यकृतात तो कायमचा मुक्काम करतो, त्यांतल्या बहुतेकांना वर्षानुवर्षे कावीळ होतच नाही. डोळे पांढरेशुभ्र, भूक खणखणीत, शेतातले काम चालू; आणि तपासणी केली नाही तर कोणाला पत्ता नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख माणसे या विषाणूसह जगत होती आणि त्या वर्षात सुमारे ११ लाख त्याच्यामुळे दगावली. भारताचा आकडा २ कोटी ९८ लाखांच्या घरात आहे.

धार जिल्ह्यात सरदारपूर तालुक्यातल्या राजगढजवळ मोहनखेडा हे श्वेतांबर जैनांचे तीर्थ आहे. ‘अभिधान राजेंद्र’ हा सात खंडांचा कोश रचणारे आचार्य राजेंद्रसूरी १९०६ साली राजगढला निवर्तले. त्यांची समाधी इथे आहे. यात्रेकरू गुजरात, राजस्थान, महाराष्ट्रातून येतात. भोवतालची खेडी भिल्ल-भिलालांची. पूर्वेकडे धार आणि इंदूरपलीकडे देवास ही पवारांची जुनी संस्थाने, तिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरे. कावीळ झालेल्या माणसापुढे या पट्ट्यात वाटा पुष्कळ. भिल्लांचा बडवा मंतरून देतो, वैद्य काढा देतो, ज्याला सारा माळवा ‘बंगाली डॉक्टर’ म्हणतो तो सलाइन लावतो, आणि सरकारी दवाखानाही असतोच. माणूस बहुधा या चारही वाटा चालून पाहतो, आणि ज्या वाटेवर असताना बरा झाला तिला श्रेय देतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात जाणकारांनी आपसात कशी चर्चा करावी याचे नियम आहेत. मित्रभावाची ती संधाय संभाषा, जिंकण्यासाठीची ती विगृह्य संभाषा. खालच्या संवादात दोन बाजू दोन पात्रांच्या तोंडी घातल्या आहेत : धारच्या मराठी घरातले वैद्यबुवा आणि देवासच्या डॉक्टरबाई. पात्रे कल्पित, वाद खरा. चर्चा पहिल्या प्रकारची आहे, मधूनच दुसरीकडे कलते.

वैद्यबुवा : कामला आमच्याकडे आजची नाही, डॉक्टरबाई. चरकाने पांडुरोगाच्या अध्यायात ती सविस्तर सांगितली आहे. कफाने पित्ताची वाट अडवली तर मल वाटलेल्या तिळांसारखा पांढुरका होतो, हे त्याने लिहून ठेवलेय. ही शाखाश्रित कामला.

डॉक्टरबाई : निरीक्षण चोख आहे. पित्त आतड्यात उतरलं नाही की मलाचा रंग जातो. रुग्णाला आम्हीही हा प्रश्न आधी विचारतो.

वैद्यबुवा : आणि जुनी होऊन मुरलेली ती कुंभकामला. ती कष्टसाध्य. म्हणजे यकृताचा हा शेवट आमच्या लोकांनी पाहिला होता.

डॉक्टरबाई : पाहिला होता, नाही कुठे म्हणते? पण ज्याचे डोळे पिवळे झाले नाहीत, सूज आली नाही, तो चरकापुढे रोगी म्हणून आलाच नसणार. बीचा वाहक असाच असतो. दोष चरकाचा नाही. रक्तातला विषाणू बघायचं साधनच १९६० च्या दशकापर्यंत जगात कोणाजवळ नव्हतं.

ते साधन शोध घेत असताना भलत्याच ठिकाणी सापडले. अमेरिकी शास्त्रज्ञ बारूख ब्लुमबर्ग निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातल्या प्रथिनांमधले फरक अभ्यासत होते. एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन आढळले. १९६५ मध्ये त्यांनी ते ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणून प्रसिद्ध केले. ते या विषाणूच्या बाहेरच्या कवचाचे प्रथिन निघाले. आज प्रयोगशाळेच्या कागदावर ‘एचबीएसएजी’ लिहिलेले असते ते हेच. ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हा जागतिक हिपॅटायटिस दिन ठरला. भुईआवळीच्या वादात हे नाव पुन्हा येणार आहे.

वैद्यबुवा : एक विचारतो. माझे आजोबा पुनर्नव्याच्या मुळ्यांची माळ बांधत. डोक्यावर ठेवलेली लहानशी माळ वाढत वाढत गळ्यात, छातीवर, बेंबीपर्यंत उतरायची. तशी कावीळही उतरायची. शेकडो माणसं बरी झाली. ती काय खोटं बोलत होती?

डॉक्टरबाई : बरी झाली हे खरंच. माळ वाढली हेही खरं. ओल्या मुळ्या वाळून बारीक होतात, गाठीतला दोरा सैल सुटतो, माळ लांबते. निरोग्याच्या डोक्यावर ठेवलीत तरी ती तितकीच लांबेल. आणि माणसं बरी झाली, कारण ती होणारच होती.

इथे आकड्यांकडे बघावे लागते. ए विषाणूची कावीळ जुनाट होत नाही. काही आठवड्यांत ओसरते. ईची बहुतेकांत तशीच ओसरते. गरोदर स्त्रियांना मात्र शेवटच्या तिमाहीत ती जिवावर बेतू शकते. धडधाकट प्रौढाला बीची लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचे शरीर स्वतःच विषाणू हुसकावते. थोडक्यात, गावात दिसणाऱ्या बहुतेक काविळी माळेवाचूनही उतरतात. जे मरतात किंवा ज्यांचे यकृत पुढे आकसते त्यांची गणती माळ बांधणाऱ्याकडे राहत नाही. ती इंदूरच्या मोठ्या रुग्णालयात होते.

इतर उपचारांचेही असेच आहे. चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळे होते, कारण आंब्याच्या सालीचा अर्क हाताला आधीच लावलेला असतो. देवडांगरीच्या फळाचे थेंब नाकात टाकले की पिवळे पाणी वाहू लागते. ते कावीळ नसलेल्याच्या नाकातूनही वाहते, कारण ते फळ नाकाच्या आतल्या अस्तराला पोळते. पोटावर तापलेल्या सळईने डागणे हा सर्वांत क्रूर प्रकार, आणि तो बालकांवरही होतो.

वैद्यबुवा : डागणं आणि देवडांगरी माझ्या दारात चालत नाही.

डॉक्टरबाई : ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्याशी बोलतेय.

विषाणू शरीरात राहतो की जातो हे मुख्यतः लागण कोणत्या वयात झाली यावर ठरते. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के कायमची वाहक होतात. एक ते पाच वर्षांच्या वयात हे प्रमाण २५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहते आणि प्रौढात पाचाच्या आत येते. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती त्या विषाणूला परका समजत नाही, त्याच्याशी भांडत नाही, म्हणून तो टिकतो. यकृताची हानीही विषाणू स्वतः फारशी करत नाही. पुढे कधीतरी शरीर जागे होऊन लागण झालेल्या पेशींवर तुटून पडते, तेव्हा पेशी मरतात, त्या जागी तंतू भरतात आणि वीस-तीस वर्षांत यकृत गाठाळ होते. त्याला सिरॉसिस म्हणतात. बीच्या बाबतीत आणखी एक धोका असा की सिरॉसिस न होताही यकृताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून काही वाहकांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते.

औषधाने हा विषाणू मुळापासून का जात नाही याचेही कारण ठाऊक आहे. पेशीच्या केंद्रकात तो आपल्या जनुकांची एक मिटलेली गोल प्रत ठेवून देतो. टेनोफोविर, एंटेकाविर ही औषधे नव्या प्रती बनणे थांबवतात. त्या मूळ प्रतीला हात लागत नाही. धान्याला लागलेली कीड उन्हाने दबते, पण कणगीच्या भेगेत अंडी राहतात, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

वैद्यबुवा : मोहनखेड्याला येणारे माझे यजमान उकळलेलंच पाणी पितात. उपवासात तर तेवढंच. बाहेरचं अन्न नाही, दारू नाही. त्यांना ही भीती कमी, असं मी सांगत आलोय.

डॉक्टरबाई : ए आणि ईची भीती खरंच कमी. ज्याने ही चाल पाडली त्याने हजारो काविळी टाळल्या असतील. पण बी पाण्यातून येत नाही, वैद्यबुवा. पाणी कितीही उकळा, उकळायला हवी होती ती सुई.

बी विषाणू रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला पसरतो. शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातही, तो किमान सात दिवस तग धरतो. वाहकाच्या रक्ताची सुई लस न घेतलेल्याला टोचली तर लागण होण्याची शक्यता शंभरात सहा ते तीस असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती हजारात तीनच्या आसपास आहे. लोक एचआयव्हीला घाबरतात आणि बीचे नाव ऐकून हळद बंद करतात!

सुईची वाट या भागात अनेक रूपांनी समोर येते. होळीआधीच्या भगोरिया हाटांत बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राने गोंदवून घ्यायला तरुण पोरींची रांग लागते. एकच सुई, एकच शाईची वाटी. न्हाव्याचा वस्तरा, कान टोचायची तार, घरातला एकच दाढीचा ब्लेड, साखर तपासायची सामाईक सुई हे सगळे त्याच माळेतले मणी. आणि सर्वांत वरचा मणी म्हणजे ताप आला की इंजेक्शन हवेच, हा हट्ट. राजगढहून पश्चिमेला झाबुआ ओलांडून गुजरातेत दाहोदच्या पुढे गेले की मोडासा हे गाव लागते. २००९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली. शेकडो माणसे आजारी पडली, अनेक दगावली, आणि तपासात बोट गेले ते पुन्हापुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांकडे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तिथल्या विषाणूचा अभ्यास केला तेव्हा त्यात जनुकीय बदल झालेले प्रकार आढळले. पण बदल कोणताही असो, तो घरोघर पोचवला सिरिंजने.

वैद्यबुवा : म्हणजे पसरवली तुमच्या सुईने, आणि दोष माझ्या काढ्याला!

डॉक्टरबाई : पहिलं वाक्य मान्य. १८८३ साली जर्मनीत ब्रेमेनच्या गोदी कामगारांना देवीची लस टोचली. १२८९ पैकी १९१ जणांना पुढच्या महिन्यांत कावीळ झाली, कारण लशीत माणसाची लसिका मिसळलेली होती. आमच्याच विद्येच्या पोथीत लिहिलेलं आहे हे. म्हणून एकदा वापरून मोडणारी सिरिंज आली. आता तुमच्याकडे वळते. रक्तमोक्षणासाठी जळवा लावता ना?

वैद्यबुवा : लावतो. पण एका रोग्याची जळू दुसऱ्याला नाही. प्रत्येकाची बरणी वेगळी, वर नाव लिहिलेलं.

डॉक्टरबाई : आणि जळूला रक्त ओकवता तेव्हा हातात मोजे असतात?

वैद्यबुवा : ... नसतात.

डॉक्टरबाई : मग धोका रोग्याला कमी आणि तुम्हाला जास्त.

सुश्रुताने निदानस्थानात संसर्गाने पसरणाऱ्या रोगांची यादी दिली आहे. एकत्र जेवणे, एका शय्येवर झोपणे, दुसऱ्याचे कपडे घालणे यांनी त्वचारोग, ज्वर, शोष, डोळे येणे हे पसरतात असे तो सांगतो. कामला त्या यादीत नाही. परंपरेला संसर्ग ठाऊक होता, पण हा संसर्ग तिच्या नजरेत येण्यासारखा नव्हता. यात तिचा कमीपणा काही नाही. तरी त्याचा परिणाम मोठा आहे. ज्या रोगाची वाटच नोंदलेली नाही, तो रोखण्याचा उपाय तिच्या ग्रंथांत शोधू नये.

वैद्यबुवा : आता भुईआवळीचं बोला. ती तुम्हाला टाळता येणार नाही.

भुईआवळी पावसाळ्यात बांधावर, अंगणात, फरशीच्या सांध्यातही उगवते. वीतभर उंच, चिंचेसारखी पाने आणि पानांखाली ओळीने टांगलेली मोहरीएवढी फळे. संस्कृतात तामलकी किंवा भूम्यामलकी. काविळीवरचे घरगुती औषध म्हणून ती महाराष्ट्रात, माळव्यात, तामिळनाडूत सारखीच प्रसिद्ध आहे. आणि आधुनिक वैद्यकाने हिपॅटायटिस बीसाठी वनौषधींपैकी जिला सर्वांत गंभीरपणे तपासले ती हीच.

तपासायला पुढे आलेल्यांत खुद्द ब्लुमबर्ग होते. विषाणू शोधणाऱ्या माणसाने त्याच्यावर उतारा शोधताना जगभरच्या लोकवैद्यकातल्या काविळीच्या वनस्पती चाळल्या आणि भारतीय भुईआवळीपाशी तो थांबला. प्रयोगशाळेत तिच्या अर्काने विषाणूच्या एका महत्त्वाच्या विकराला अटकाव केला. मग १९८८ मध्ये मद्रासचे त्यागराजन, ब्लुमबर्ग आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. वाहकांना भुईआवळीची २०० मिलिग्रॅम भुकटी दिवसातून तीनदा, तीस दिवस दिली. औषध घेणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातले ते पृष्ठ-प्रथिन नाहीसे झाले. बिनऔषधी कॅप्सूल घेणाऱ्या २३ पैकी फक्त एकाचे.

वैद्यबुवा : साठ टक्के! तुमच्या टेनोफोविरने शंभरात किती जणांचं ते प्रथिन जातं?

डॉक्टरबाई : फार थोड्यांचं, तेही वर्षानुवर्षे घेतल्यावर. आकडा खरा ठरता तर आज प्रत्येक आरोग्य केंद्रात भुईआवळीच्या गोळ्या असत्या आणि मीच लिहून दिल्या असत्या. पण पुढे काय झालं तेही सांगा ना.

वैद्यबुवा : थायलंडवाल्यांना जमलं नाही, एवढं ऐकलंय.

डॉक्टरबाई : १९९० मध्ये त्यांचा निबंध त्याच ‘लॅन्सेट’मध्ये आला. लक्षणं नसलेल्या वाहकांना भुईआवळी दिली. मद्रासला दिसलं ते दिसलं नाही. न्यूझीलंडमध्येही नाही. मद्रासच्या अभ्यासात सुरुवातीला ७८ जण होते आणि हिशेबात आले ६०. मधले परत आलेच नाहीत. गट इतका लहान असताना गळती मोठी झाली की आकडा डळमळतो.

वैद्यबुवा : थायलंडची वनस्पती तीच होती कशावरून? माती वेगळी, ऋतू वेगळा, तोडायची वेळ वेगळी. वीर्य बदलतं.

डॉक्टरबाई : शंका रास्त आहे आणि तेव्हाही ती घेतली गेली. पण मग तुमच्या बाजारातली भुकटी कुठल्या मातीतली, कुठल्या ऋतूतली, हे तरी कोण सांगणार? ज्या गुणावर श्रद्धा ठेवायची तो पुडीपुडीला बदलत असेल, तर पुडी विकताना खात्री कशाची द्यायची?

२०११ मध्ये कोक्रेन या संस्थेने तोपर्यंतच्या चाचण्या एकत्र तोलल्या. बिनऔषधी गोळीशी तुलना करता भुईआवळीचा जुनाट हिपॅटायटिस बीमध्ये फायदा होतो असा पटण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. विषाणूविरोधी औषधासोबत ती दिल्यावर काही चाचण्यांत बरे आकडे दिसले. पण त्या चाचण्यांची बांधणीच इतकी सैल होती की त्यावर भार टाकता येईना. परीक्षानळीत विकर अडवणे आणि माणसाच्या यकृतातून विषाणू घालवणे यांत अंतर फार मोठे असते. शेकडो आशादायक औषधे त्या अंतरात हरवली आहेत, त्यांतली बरीच अ‍ॅलोपॅथीची. भुईआवळीची बाजू हरली असे म्हणण्यापेक्षा तिला न्याय्य संधी मिळाली आणि ती तिला टिकवता आली नाही, असे म्हणणे जास्त खरे.

कुटकी, काळमेघ, पुनर्नवा, फलत्रिकादि काढा यांबद्दल एवढेही सांगता येत नाही. प्राण्यांच्या यकृतावर आणि काविळीच्या लक्षणांवर त्यांचे काही अभ्यास आहेत. बी विषाणू कायमचा जातो असे माणसात दाखवणारे काही नाही.

वैद्यबुवा : फायदा सिद्ध नसेल, पण अपाय तरी काय? झाडपाला आहे.

डॉक्टरबाई : आरोग्यवर्धिनीत काय असतं?

वैद्यबुवा : कुटकी मुख्य. त्रिफळा, चित्रक, शिलाजीत, गुग्गुळ... पारा-गंधकाची कज्जली, लोह, अभ्रक, ताम्रभस्म.

डॉक्टरबाई : म्हणजे झाडपाल्याखेरीज धातूही. आणि सुजलेलं यकृत ते कसं झेलतं हे बघायला रक्ततपासणी कोण करतं?

झाडपालाही नेहमी निरुपद्रवी नसतो. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे उकळू लागले आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढल्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाने तीव्र हरकत घेतली. रुग्णांनी गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल घेतली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे. डॉक्टरांचे म्हणणे, तपासलेले नमुने खऱ्या गुळवेलीचे होते. वाद मिटलेला नाही. ज्याच्या यकृतात आधीच बी विषाणू आहे त्याने हा वाद स्वतःवर सोडवून पाहू नये, एवढे तरी दोन्ही पक्षांना मान्य व्हावे.

खरा मोठा अपाय मात्र काढ्यातून होत नाही. चालू गोळी बंद केल्याने होतो. टेनोफोविर घेणाऱ्याला बरे वाटू लागते, कोणीतरी ‘मुळापासून घालवणारे’ औषध सुचवतो आणि गोळी थांबते. दबलेला विषाणू उसळतो, शरीर त्याच्यावर तुटून पडते आणि काही आठवड्यांत यकृत निकामी होऊ शकते. गोळी सुरू करणे आणि थांबवणे, दोन्ही रक्ताचे अहवाल बघूनच करायचे असते. प्रत्येक वाहकाला गोळी लागते असेही नाही. विषाणूचे प्रमाण, यकृतातल्या एंझाइमची पातळी, तंतूंची वाढ, वय आणि घरातला कर्करोगाचा इतिहास यावर ते ठरते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत.

पथ्याबाबत दोन्ही बाजू जवळ येतात. दारू बंद, मोहाचीही. हळद-तेल वर्ज्य करण्याने यकृताला काही मिळत नाही. काविळीत रसवंतीचा बर्फ घातलेला उसाचा रस पाजणे हे तर कित्येकदा बीच्या रुग्णाला ए किंवा ईची भर घालणे ठरते.

वैद्यबुवा : राहिली लस. यजमान विचारतात, त्यात प्राण्याचं काही आहे का?

डॉक्टरबाई : १९८१ साली आलेली पहिली लस वाहकांच्या रक्तद्रवातून काढलेली होती. १९८६ पासून पद्धत बदलली. विषाणूच्या कवचाचं तेवढं जनुक यीस्टमध्ये घालतात आणि यीस्ट ते प्रथिन तयार करतं. मानवी रक्त नाही, जिवंत विषाणू नाही. त्यामुळे लशीने आजार होण्याचा प्रश्न नाही.

ही लस भारतात आधी परदेशातून यायची आणि सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये देशी लस बाजारात आणली आणि किंमत एकदम खाली आली. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ही लस बनवली. सरकारी लसीकरणात ती २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली, २०११ पर्यंत देशभर पोचली. तिचा परिणाम बघायचा तर तैवानकडे पाहावे. तिथे १९८४ मध्ये नवजातांचे लसीकरण सुरू झाले. तैपेईतल्या मुलांमधले वाहकांचे प्रमाण दहा वर्षांत ९.८ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांवर उतरले आणि मुलांमधला यकृताचा कर्करोग सुमारे निम्म्यावर आला. कर्करोग टाळू शकणारी ही पहिली लस.

भारताच्या वेळापत्रकात पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत आहे. पुढच्या सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लशीतून मिळतात. आई वाहक असल्यास बाळाला लशीसोबत, शक्यतो बारा तासांत, तयार प्रतिद्रव्यांचे इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही दुसऱ्या मांडीत देतात. आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तिला टेनोफोविर देतात. एवढे केल्यावर ती बाळाला निर्धास्तपणे अंगावर पाजू शकते.

वैद्यबुवा : चोवीस तास फार कमी. आमच्याकडे पाचवी पुजेपर्यंत बाळ घराबाहेर काढत नाहीत.

डॉक्टरबाई : दवाखान्यात जन्मलं तर बाहेर काढायचा प्रश्नच नाही, तिथेच टोचतात. अडचण वेगळीच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. गरोदरपणातली तपासणी सासरी धारला, प्रसूती माहेरी नाशिकला, आणि अहवालाचा कागद राहिला सासरच्या कपाटात.

वैद्यबुवा : आणि भिल्लांची बाई मजुरीला गुजरातेत असते.

डॉक्टरबाई : तिचा कागद तर कपाटातही नसतो.

वेळ मोजून देण्यामागे साधे कारण आहे. प्रसूतीच्या वेळी आईचे रक्त बाळाला लागते, आणि विषाणू यकृतात घर करण्याआधी बाळाच्या शरीराने त्याचा चेहरा ओळखला पाहिजे. दिवस लोटत जातो तसा लशीचा उपयोग घटतो. उशीर झाला तरी लस द्यायचीच असते, पण आई वाहक असेल तर गेलेले तास परत मिळत नाहीत.

वाहकाशी घरात वागण्याचे प्रश्न याहून नाजूक आहेत. त्याचे ताट वेगळे काढले जाते, ठरलेली लग्ने मोडतात. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने हा विषाणू पसरत नाही. वेगळे ठेवायचे ते दाढीचे ब्लेड, दात घासायचा ब्रश, नखे काढायचे कटर. जोडीदाराची आणि घरच्यांची तपासणी करून, लागण नसेल तर त्यांना लस देतात. शून्य, एक आणि सहा महिन्यांना अशा तीन मात्रा. जोडीदारासारख्या सतत संपर्कातल्या माणसाच्या बाबतीत शेवटच्या मात्रेनंतर महिना-दोन महिन्यांनी प्रतिद्रव्ये मोजतात. पातळी दर मिलिलिटरला १० मिली-युनिटच्या वर आली की संरक्षण मिळाले असे धरतात. वधूवरांपैकी एक वाहक असणे ही लग्न मोडण्याजोगी गोष्ट राहिलेली नाही. दुसऱ्याने तीन सुया आधी घ्याव्यात, एवढेच.

वैद्यबुवा : मी काय करावं असं तुमचं म्हणणं आहे? माळ बांधायला लोक येणारच.

डॉक्टरबाई : येऊ देत. बांधण्याआधी एक चिठ्ठी द्या, एचबीएसएजी तपासून या म्हणून. पॉझिटिव्ह आलं आणि डोळे पिवळे असले तर पोटात पाणी, गुंगी, उलट्या, रक्तस्राव विचारा; यातलं एक असलं तरी त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय. काही नसेल तर सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. तेव्हाही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू राहिलाय, कावीळ कधीचीच उतरली असली तरी.

वैद्यबुवा : चिठ्ठी देईन. पण भुईआवळीची नीट चाचणी व्हावी, हे माझं म्हणणं कायम.

डॉक्टरबाई : माझंही. पण विषाणूचं प्रमाण मोजून, निम्म्या लोकांना बिनऔषधी पुडी देऊन, आणि कोणाची गोळी न थांबवता.

वैद्यबुवा : आणि माझं स्वतःचं? एका शिबिरात मी एक सुई घेतली होती. पुढच्या राहून गेल्या. सात-आठ वर्षं झाली.

डॉक्टरबाई : आधी रक्त तपासा, तुमचं जळवांचं काम आहे. लागण नसेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. राहिलेल्या दोन घ्या, दोन्हींत किमान दोन महिन्यांचं अंतर ठेवा. सुई दंडात घ्यायची. आणि मोजे मात्र आजपासून.